श्रोते शून्य

आमच्या गावच्या बायका रेडिओ ऐकत नव्हत्या, असं पंचायतीच्या वहीत लिहिलेलं होतं. दुपारच्या रकान्यात रोज एकच शब्द, शून्य. ती वही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि आज इतक्या वर्षांनीही सांगते, ती खोटी होती. लिहिणारा ग्रामसेवक माणूस वाईट नव्हता. तो खुर्चीत बसून खिडकीतून बघायचा, पंचायतीच्या ओसरीवर जेवढे फेटे आणि टोप्या दिसतील तेवढ्या मोजायचा आणि आकडा मांडायचा. दुपारी ओसरीवर कुणी नसायचं. ओसरीच्या मागं विहीर होती आणि विहिरीवर कोण उभं आहे, हे बघायला त्याला खुर्चीतून उठावं लागलं असतं.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव मोताळ्याच्या बाजूचं, आठवडी बाजाराचं. वीज आलेली नव्हती. पंचायतीला सरकारकडून रेडिओ मिळाला, तो बॅटरीवरचा. बरोबर एक माईक आणि छपरावर बांधलेला भोंगा. बॅटरी उतरली की ती एस.टी.च्या टपावर बसून मलकापूरला जायची आणि भरून परत येईपर्यंत गाव मुकं व्हायचं. त्या दोन दिवसांत माणसं एकमेकांशी जरा जास्त भांडायची, असं माझं निरीक्षण आहे.

संध्याकाळी बातम्या, मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम, कापसाचे भाव. तेव्हा ओसरी भरून जायची. ग्रामसेवकाच्या डोक्यात एक कल्पना आली. कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर माईकवरून दुकानदारांच्या जाहिराती वाचायच्या आणि ज्याची जाहिरात त्यानं बॅटरीच्या खर्चाला हातभार लावायचा. लगेच दुकानदारांची वर्दळ सुरू झाली. त्याआधी आमच्याकडं जाहिरातीचे प्रकार ठरलेले होते. चपलावाल्यानं एस.टी. थांब्याच्या भिंतीवर गेरूनं भला मोठा जोडा काढून घेतला होता. कापडवाला दिवाळीआधी कोतवालाकडून दवंडी पिटवायचा. भांडेवाला तंबूतल्या सिनेमात पडद्यावर काचेची पट्टी दाखवायचा. भजेवाला कशावरच खर्च करायचा नाही. कढईचा वास वाऱ्यानं जातो तिथपर्यंत माझी जाहिरात, असं तो म्हणायचा, आणि त्यात काही चूक नव्हती.

आता हे सगळे ग्रामसेवकाची वही उघडून बघायला लागले. बातम्यांच्या वेळी साठ माणसं, शेतकी कार्यक्रमाला पन्नास, भजनाला वीस. बातम्यांच्या आधीची जागा मिळावी म्हणून कापडवाला आणि चपलावाला भर रस्त्यात एकमेकांची उणीदुणी काढत होते. दुपारच्या शून्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागायचा, तो लागला की ग्रामसेवक भोंगा बंदच करून टाकायचा. बॅटरी वाया जाते म्हणून.

मला हे कळलं ते सासूबाईंमुळं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आत्याबाई दुपारी मागच्या भिंतीला टेकून सुपात ज्वारी पाखडत बसायच्या. आमचं घर पंचायतीपासून चार घरं सोडून. पहिल्या उन्हाळ्यात भोंगा दुपारीही चालू असायचा, तेव्हा बायकांचा कार्यक्रम सुरू झाला की आत्याबाईंचं सूप थांबायचं. पोराला गोवर आला तर काय करावं, लोणच्याला बुरशी का येते, असं काहीबाही सांगायचे. सांगणारी बाई फार पुस्तकी बोलायची. विहिरीवरच्या बायका तिची नक्कल करून हसायच्या, पण तिच्या वेळेलाच पाण्याला यायच्या. भोंगा बंद व्हायला लागला, तेव्हा आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "बंद केला वाट्टे मुडद्यानं." आणि सूप जोरात हाणलं.

माझं दुकान म्हणजे आमच्या घराचा रस्त्याकडचा ओटा आणि माहेरून आलेलं शिलाई मशीन. नवरा जळगाव जामोदकडच्या एका खेड्यात मास्तर, शनिवारी यायचा, रविवारी जायचा. घरात सासरे, आत्याबाई, धाकटा दीर आणि मी. दिराला हायब्रीड बियाण्याची एजन्सी मिळत होती आणि त्याला तोच ओटा हवा होता. त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं नाही, नव्या बियाण्याला तेव्हा तेजी होती. एके दिवशी जेवताना सासऱ्यांनी निकाल दिला. "दसऱ्यापर्यंत पाहू. तुह्या दुकानाले गिऱ्हाईक लागलं तर ओटा तुहा. नाई लागलं तर मशीन आत घे अन् ओटा त्याले सोड."

आत म्हणजे कुठं, तर धान्याच्या कणगीमागं. तिथं दिवसाही दिवा लावावा लागायचा. तिथं मशीन गेलं की ते परत बाहेर यायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मशीनपेक्षा मीच परत बाहेर येणार नाही, याची मला जास्त भीती वाटत होती. मला ओटा हवा होता. रस्त्यावरून जाणारी माणसं दिसतात, आपण कुणाला तरी दिसतो, एवढ्यासाठीसुद्धा हवा होता. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, आज सांगते.

गिऱ्हाईक का लागत नव्हतं, याचं कारणही साधं होतं. गावात दोन शिंपी होते, दोघंही पुरुष. बाई त्यांच्याकडं जुनी चोळी नमुना म्हणून पाठवायची आणि ते त्या मापानं नवी शिवायचे. जुनी चोळी धुऊन आटलेली, बाई बाळंतपणानंतर भरलेली. मग नवी चोळी काखेत काचायची आणि सगळ्या गावातल्या बायका वर्षानुवर्षं हात अर्धेच वर करून घागर डोक्यावर चढवायच्या. मी बाई असल्यानं अंगावर माप घेऊ शकत होते. पण ही गोष्ट गावातल्या बायकांना माहीत व्हावी कशी? भिंतीवर लिहून उपयोग नव्हता, त्यांच्यातल्या किती जणींना वाचता येत होतं? कोतवाल दवंडीत असलं काही ओरडला नसता. सिनेमाच्या तंबूत बायका जायच्या नाहीत. राहता राहिला भोंगा, आणि तोही दुपारचा.

मी डोक्यावरून पदर घेतला आणि पंचायतीत गेले. ग्रामसेवक उठून उभाच राहिला, इतका गडबडला. मी म्हटलं, "भाऊ, मले दुपारची जागा पायजे. बायकाच्या कार्यक्रमाआधीची."

"दुपारी कोणी ऐकत नाई बाई. पाहा, शून्य हाय." त्यानं वही माझ्यापुढं सरकवली.

"तुमाले कोणी इचारलं काय? मले तेच पायजे. कार्यक्रम पूर्ण चालू ठेवा, बॅटरीचा वाटा मी देतो."

तो हसला. शून्य विकत घेणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असणार. पण बॅटरीचा वाटा मिळतोय म्हटल्यावर त्यानं कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहायला लागला. 'सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की' इथपर्यंत त्याची गाडी मजेत गेली. पुढं मी सांगितलं, "चोळी काखेत काचत असंन तर अंगावर माप घेऊन शिवून भेटंन, असं लिवा." त्याचा टाक थांबला. कान लाल झाले. असलं वाक्य त्याच्या तोंडून भोंग्यावर जाणं शक्य नव्हतं, हे मलाही दिसलं.

"तुमच्या नावाच्या जागी काय लिहू? मास्तरांच्या घरून, असं लिहू काय?" त्यानं विषय बदलला.

"माह्यं नाव लिवा."

"बाईचं नाव भोंग्यावर कसं घेऊ? लोक काय म्हणतीन?"

"मग राहू द्या. मीच बोलतो."

आणि दुसऱ्या दिवशी मी बोलले. माईक हातात घेतला. मी माझं नाव सांगितलं, ओटा कुठं ते सांगितलं आणि म्हणाले, "बायांनो, तुमची चोळी जुन्या मापानं शिवून काखेत काचते, मले माहीत हाय. माह्याकडं या. मी अंगावर माप घेतो. माह्या ओट्यावर पडदा हाय, अन् माह्या घरात कोणी माणूस दुपारी नसते." मग तो पुस्तकी बोलणाऱ्या बाईचा कार्यक्रम लागला. मी घरी आले तर आत्याबाईंचं सूप मांडीवर तसंच होतं.

संध्याकाळी घरात स्फोट झाला. सासरे कापसाच्या आडतीवरून आले ते टोपी भिरकावतच. "माह्या घरातली बाई भोंग्यावर बोलून राह्यली! अन् बोलली तं काय बोलली, काखेचं! चार माणसात मले मान खाली घालावी लागली." दीर म्हणाला, "आता तं ओटा सोडाच, वहिनी." शनिवारी नवरा आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सांगितलं ते खरं आहे, पण जरा हळू सांगायचं." भोंग्यावर हळू कसं सांगतात, ते त्यानं सांगितलं नाही.

गिऱ्हाईक मात्र यायला लागलं. पहिल्या तीन-चार दिवसांत चार जणी आल्या, त्याही मागच्या दारानं. पाचव्या दिवशी रोहिणखेडकडची एक बाई बाजाराला आली होती, ती सरळ पुढून ओट्यावर चढली. मी सहा दिवस बोलले. सातव्या दिवशी ग्रामसेवकानं माईक माझ्या हाती दिला नाही.

"पंचायतीनं दुपारचा भोंगा बंद केला, बाई. मंडळी नाराज हाय. अन् कारण बी लिवलं हाय, पाहा. श्रोते शून्य."

"अन् गेले सहा दिवस ऐकलं ते कोणी? ह्या चोळ्या मी कोणाच्या शिवून राह्यली?"

"वहीत ज्याची नोंद नाई तो श्रोता नाई." हे त्यानं जरा ऐटीत म्हटलं. मला त्या क्षणी त्याची वही विहिरीत टाकावीशी वाटली. पण मग मनात आलं, टाकायची कशाला, लिहायला लावू.

मी विहिरीवर गेले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही गेले. रिकामी घागर घेऊन जायची आणि अर्धी भरून आणायची, म्हणजे पुन्हा जायला निमित्त राहायचं. ज्या भेटतील त्यांना सांगायची की आपण बहिऱ्या आहोत असं सरकारी वहीत लिहिलं आहे. एक म्हातारी म्हणाली, "मले तं त्या गोवराच्या कार्यक्रमानं नातू वाचवता आला, अन् मी बहिरी काय?" तिनंच दिवस ठरवला. दसऱ्याला दहा-बारा दिवस राहिले होते.

ठरल्या दुपारी ग्रामसेवक माईकवरून सूचना देत होता की उद्या देवीची लस टोचणारे येणार आहेत. सूचना संपते न संपते तोच आम्ही ओसरीवर चढलो. तीसेक बायका असू. त्यातल्या बहुतेकींनी जन्मात त्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता. रस्त्यानं जातानासुद्धा तिथं माणसं बसलेली म्हणून त्या चप्पल हातात घेऊन जायच्या. आता त्या चांगल्या ऐसपैस मांड्या घालून बसल्या. ग्रामसेवक माईक टेबलावर ठेवून उभाच राहिला.

मी म्हटलं, "दुपारचे श्रोते आले, भाऊ. मांडा वहीत."

तो माझ्यासारखाच हट्टी निघाला. संध्याकाळच्या पुरुषांना तो नुसता नजरेनं मोजायचा, पण आम्हाला म्हणाला, "आकडा लिवून चालत नाई. पूर्ण नाव लागते. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. मग अंगठा." त्याची अटकळ मला कळली. नवऱ्याचं नाव कुठलीच बाई घेणार नाही, लाजून उठून जातील आणि वही पुन्हा शून्यावर येईल.

पहिली होती ती नातवाची म्हातारी. तिनं आपलं नाव सांगितलं.

"नवऱ्याचं?"

"ते आमी घेत नाई. तुमच्या घरी घेतेत काय?"

"मग बाजूवालीनं सांगा हिच्या नवऱ्याचं."

बाजूची म्हणाली, "मी काऊन सांगू बे? तिचा नवरा, तिची जीभ."

ओसरीवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "उखाणा घेऊ काय मंग? पण मंग जिलबी आणा." ग्रामसेवकानं कपाळ पुसलं. आता त्याला दोनच रस्ते होते, वही मिटायची किंवा नुसती नावं लिहायची. तीस बायका डोळे रोखून बसलेल्या असताना वही मिटायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं नुसती नावं लिहायला घेतली. अमक्याची बायको नाही, तमक्याची आई नाही, एकेक बाईचं एकेकच नाव.

तेवढ्यात माझं लक्ष टेबलावरच्या माईकच्या पेटीकडं गेलं. पेटीवरचा लाल दिवा लागलेला होता. सूचना दिल्यावर ग्रामसेवक माईक बंद करायला विसरला होता आणि माईक टेबलावर बायकांकडं तोंड करून पडलेला होता. म्हणजे प्रत्येक नाव छपरावरून गावभर जात होतं, फक्त ओसरीवरच्या गलक्यात डोक्यावरचा भोंगा कुणाच्या ध्यानात आला नव्हता. बाजारपेठेत, आडतीवर, चपलावाल्याकडं, भजेवाल्याच्या बाकड्यांवर. मी बघितलं आणि गप्प बसले. कुणी याला लबाडी म्हणेल. म्हणू दे. मला आजही तिचा पश्चात्ताप नाही.

शेवटची नावं चालली होती तेव्हा आत्याबाई ओसरीची पायरी चढल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं, माझी छातीच झाली नव्हती. हातात सूप तसंच होतं. त्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी एक नाव सांगितलं. मला ते नाव ठाऊक नव्हतं. घरात सासरे त्यांना 'अवं' म्हणायचे, दीर 'माय' म्हणायचा, कागदोपत्री त्यांचं जे नाव होतं ते वेगळंच होतं, लग्नात तांदळाच्या ताटात लिहून ठेवलेलं. हे त्याच्याआधीचं, माहेरचं.

ग्रामसेवक त्यांना ओळखत होता. तो म्हणाला, "आजी, तुमचं नाव तं दुसरं हाय ना? मतदारांच्या यादीत…"

"ते ह्या घराचं हाय. ऐकणारे कान माह्ये हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "हेच लिव." मग त्यांनी ते नाव पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि अंगठा पुढं केला.

सासरे आडतीवर होते. नाव ऐकून त्यांना काही कळलं नसेल, पण आवाज त्यांनी ओळखला. संध्याकाळी ते आले तेव्हा टोपी डोक्यावरच होती. दारात दिरानं रंगवून आणलेली बियाण्याच्या दुकानाची पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ते तिच्याशेजारी उभे राहिले आणि आत्याबाईंकडं न बघता म्हणाले, "ते नाव कोणाचं होतं?"

"माह्यं."

"मले काऊन माहीत नाई?"

"तुमी इचारलं कधी?"

ते हात धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर ओटा मोजायला टेप घेऊन आला. मी मशीनवर बसले होते आणि उठणार नव्हते. तो काही म्हणायच्या आत आत्याबाई आतून आल्या, ओट्याच्या बरोबर मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "माप घे."

"पडदा लावतो, आत्याबाई."

"लाव. पण इथंच घे, आत नोको."

मी पडदा ओढला. त्यांनी दोन्ही हात वर केले. पूर्ण वर, कानाच्याही वर. त्यांच्या जुन्या चोळीची काखेतली शिवण उसवलेली होती आणि तिथं काचून काचून कातडी काळी पडली होती. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून जेवत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. पडद्याबाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, ते दिराला सांगत होते, "पाटी उचल. एस.टी. थांब्यापाशी गाळा पाहू तुह्यासाठी. इथं गिऱ्हाईक हाय." थांब्यावर दिराचं दुकान आमच्यापेक्षा चांगलं चाललं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

दुपारचा भोंगा पुन्हा सुरू झाला. वहीत आकडा पडल्यावर तो बंद ठेवायला कारणच उरलं नाही. दिवाळीआधी कापडवाला दुपारची जागा मागायला आला. ग्रामसेवकानं त्याला सांगितलं, ती जागा गेलेली आहे.

मापाची वही मी आत्याबाईंचं माप घेतलं त्या सकाळीच नवी केली. पहिल्या पानावर छाती, कंबर, बाही आणि वर नाव लिहावं लागतं. आत्याबाईंना विचारलं, कोणतं लिहू? त्या म्हणाल्या, "काल सांगतलं ना." मी तेच लिहिलं. ते मी इथं सांगणार नाही. ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यांनी ते त्या दुपारी ऐकलेलं आहे.